साथीच्या काळातील अफवा, कार्यालये आणि बातम्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी अनेक वर्षे वार्ताहर म्हणून काम केले. कोविडच्या साथीत, 2020 आणि 2021 या दोन वर्षांत, गावोगावच्या लोकांनी मला जे प्रश्न विचारले आणि आजही ग्रामसभेत, आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर किंवा पानठेल्यावर विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. अफवा अडाणी माणसे पसरवतात, हा समज मी या कामात पहिल्यांदा सोडला. गावात ज्या अफवांनी खरे नुकसान केले, त्यांतील बहुतेक कोणत्या ना कोणत्या कार्यालयातून किंवा बातमीतून जाऊन आल्या होत्या.

अफवा आणि खात्री न झालेली माहिती यांत काही फरक आहे का?

आहे, आणि तो ध्यानात ठेवला नाही तर पुढचे सगळे चुकते. खात्री न झालेली माहिती खरीही ठरू शकते. साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत तर जवळजवळ सगळीच माहिती त्या अवस्थेत असते, कारण तपासणी अहवाल यायला वेळ लागतो आणि रोगाचा अभ्यास नुकताच सुरू झालेला असतो. अशी माहिती पुढे जाताना तिच्यावरचे “अजून खात्री नाही” हे शब्द गळून पडले की तिची अफवा होते. वैद्यकीय अधिकारी “संशयित” म्हणतो, कार्यालयातील लिपिक “रुग्ण” म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत गावात “पॉझिटिव्ह निघाला” अशी वार्ता होते. या साखळीतील एकानेही जाणूनबुजून खोटे सांगितलेले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी 2020 मध्येच, म्हणजे कोविडला जागतिक महासाथ म्हणून घोषित करण्याच्या आधीच, खऱ्या-खोट्या माहितीच्या पुराबद्दल सावध केले होते.

शिकलेले, जबाबदारीच्या पदावरचे अधिकारी अफवेवर विश्वास कसे ठेवतात?

बहुतेक वेळा ते विश्वास ठेवत नाहीत, फक्त पुढे पाठवतात. तालुक्याच्या पातळीवर काम कसे चालते ते पाहिल्याशिवाय हे कळत नाही. तहसीलदार, गटविकास अधिकारी, ठाणेदार, तालुका आरोग्य अधिकारी, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशा स्वयंसेविका हे सगळे लॉकडाऊनच्या काळात डझनभर व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. या ग्रुपवर रात्री अकरा वाजता एखादा संदेश येतो, त्यावर “माहितीस्तव” एवढेच लिहिलेले असते. तो खरा निघाला आणि आपण कळवला नाही तर खुलासा मागितला जाईल, ही धास्ती प्रत्येकाला असते. खोटा निघाला तर मात्र “वरून आला होता” असे सांगता येते. न कळवल्याची शिक्षा असते, पण न तपासता कळवल्याची सहसा नसते, म्हणून संदेश खाली उतरत राहतो.

आमच्या भागातील एका गावात एप्रिल 2020 मध्ये घडलेला प्रसंग मी जवळून पाहिला. शेजारच्या तालुक्यात एक गाव “सील” झाल्याचा संदेश पोलीस पाटलांच्या मोबाइलवर आला. त्यांनी तो कोतवालाला दाखवला आणि रात्री साडेआठला गावात दवंडी झाली. सकाळी गावाच्या दोन्ही वाटांवर बाभळीच्या काट्या पडल्या होत्या आणि एक बैलबंडी आडवी लावलेली होती. दूध घेऊन निघालेला माणूस परत फिरला आणि पुसदला डायलिसिसला जाणारी एक बाई दोन तास वाटेतच थांबली. दुपारी कळले की ते गाव सील झालेलेच नव्हते, तेथे फक्त पुण्याहून आलेल्या दोन मुलांच्या हातावर गृहविलगीकरणाचे शिक्के मारले होते. दवंडी मात्र परत झाली नाही. मी कोतवालाला विचारले तेव्हा तो म्हणाला, “दवंडी द्यायचा हुकूम येते, मोडायचा येत नाही.” हे वाक्य मी विसरलेलो नाही, कारण त्यात सगळी अडचण सापडते.

वृत्तपत्रे आणि वाहिन्यांमधून अफवा कशी मोठी होते?

तीन वाटा मला नेहमी दिसल्या.

पहिली वाट शब्दाची. एप्रिल 2020 मध्ये मराठी बातम्यांतून “सारी” नावाच्या नव्या रोगाची धास्ती पसरली. कोरोना कमी होता म्हणून आता सारी आली, असे लोक बोलू लागले. वस्तुतः “सारी” हे तीव्र श्वसनविकाराच्या रुग्णांची नोंद ठेवण्यासाठी आरोग्य यंत्रणेने वापरलेले इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे. न्यूमोनियाचा रुग्णही त्यात मोडतो आणि कोविडचाही. नोंदवहीतला रकाना बातमीत जाऊन रोग झाला, आणि रोज त्याच्या बळींचा वेगळा आकडा छापला गेला.

दुसरी वाट अर्धवट कागदाची. 14 एप्रिल 2020 रोजी लॉकडाऊन 3 मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले आणि त्याच दिवशी मुंबईत वांद्रे स्थानकाजवळ परप्रांतीय मजुरांची मोठी गर्दी जमली. दक्षिण मध्य रेल्वेच्या एका अंतर्गत पत्राच्या आधारे, मजुरांसाठी विशेष गाड्या सुटण्याची शक्यता असल्याची बातमी एका मराठी वाहिनीने दिली होती. वार्ताहराला अटक झाली, पुढे जामीनही मिळाला. त्या बातमीमुळेच गर्दी जमली असे म्हणणे मला पटत नाही, कारण हाताला काम नाही आणि पोटाला अन्न नाही हे गर्दीचे कारण आधीच हजर होते. पण पत्र खरे होते आणि निर्णय झालेला नव्हता, एवढा भेद वाचणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवा होता. प्रस्ताव, पत्रव्यवहार, तोंडी सूचना आणि आदेश या चार वेगळ्या गोष्टी आहेत. तालुक्याच्या बातमीत चारहींना आपण “प्रशासनाचा निर्णय” म्हणतो.

तिसरी वाट सर्वांत फसवी आहे आणि तीत मी स्वतः सामील होतो. गावातील कुजबुज बातमीत येते, शीर्षकाला प्रश्नचिन्ह लावलेले असते. ती वाचून जिल्हा कार्यालय तालुक्याकडे अहवाल मागवते. दुसऱ्या दिवशी आम्ही छापतो, “प्रशासनाने अहवाल मागविला”. तिसऱ्या दिवशी गाव म्हणते, काहीतरी असल्याशिवाय अहवाल कशाला मागवतील? अशा रीतीने एकच कुजबुज दोनदा छापून येते आणि दुसऱ्यांदा तिच्यावर सरकारी शिक्का असतो. जून 2020 मध्ये एका मजुराच्या मृत्यूबद्दल मी अशीच बातमी दिली. त्याचा तपासणी अहवाल निगेटिव्ह आला, पण तोपर्यंत त्याच्या बायकोला गावाच्या हातपंपावर पाणी भरू दिले गेले नव्हते. खुलासा आतल्या पानावर चार ओळींत आला. त्या घरी मी नंतर जाऊन माफी मागितली, पण ज्यांनी बातमी वाचली त्यांपैकी किती जणांनी त्या चार ओळी वाचल्या असतील, याचा विचार आजही मनातून जात नाही.

“अमरावती स्ट्रेन” खरा होता की अफवा?

हा प्रश्न विदर्भात अजून विचारला जातो आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती, अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत रुग्ण अचानक वाढले आणि 22 फेब्रुवारीपासून अमरावतीत आठवडाभराची टाळेबंदी लागली. विषाणूत बदल आढळल्याची विधाने वैद्यकीय क्षेत्रातील काही जबाबदार व्यक्तींनी माध्यमांपुढे केली आणि “विदेशी विषाणू विदर्भात” अशा अर्थाच्या बातम्या सुरू झाल्या. त्यावर राज्याच्या आरोग्य विभागाने खुलासा केला की तपासलेल्या नमुन्यांत ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझील येथे सापडलेले प्रकार आढळले नाहीत.

खुलासा खरा होता, पण तो तीन विदेशी प्रकारांपुरताच होता. लोकांनी त्याचा अर्थ “नवीन काहीच नाही” असा घेतला, आणि कित्येकांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली. 24 मार्च 2021 रोजी केंद्र सरकारने महाराष्ट्रातील नमुन्यांत ई484क्यू आणि एल452आर हे दोन बदल एकत्र आढळल्याचे सांगितले. त्यालाच “डबल म्यूटंट” हे नाव पडले. पुढे या घराण्याची नोंद बी.1.617 अशी झाली आणि त्याच्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने 31 मे 2021 रोजी डेल्टा हे नाव दिले. तेव्हा गावात लोक म्हणाले, सरकारने फेब्रुवारीत लपवले.

लपवले असे म्हणायला आधार नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर हाती नव्हते, तो प्रश्न खुला आहे असे खुलाशातच स्पष्ट सांगितले असते तर हा संशय उरला नसता. “हे तीन प्रकार नाहीत, दुसरा बदल आहे का याची तपासणी चालू आहे, तोवर काळजी तशीच घ्या” ही दोन ओळींची भर पुरेशी झाली असती.

कोंबडीमुळे कोरोना होतो ही वार्ता एवढी का टिकली? खुलासा तर झाला होता.

झाला होता, आणि लवकर झाला होता. पशुसंवर्धन विभागाने फेब्रुवारी 2020 मध्येच सांगितले की कोंबडीच्या मांसाचा या रोगाशी संबंध नाही. तरी मार्चपर्यंत भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेले.

कुक्कुटपालकाची अडचण बाहेरच्याला लवकर समजत नाही. ब्रॉयलर पक्षी साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत विक्रीच्या वजनाला येतो. त्यानंतर तो रोज खाद्य खातो, पण त्या खाद्याचे पैसे वजनातून निघत नाहीत. पिकवलेली तूर भाव येईपर्यंत कोठ्यात ठेवता येते, पक्षी ठेवता येत नाही. मी एका शेडमध्ये उभा होतो तेव्हा मालक खाद्याची रिकामी पोती मोजत होता. शेवटी त्याने गावात पक्षी फुकट वाटायला काढले, आणि फुकटची कोंबडीही अनेकांनी घेतली नाही.

खुलासा का पोहोचला नाही, याचे कारण त्या दिवशी कळले. वार्ता चित्रफितीतून आली होती, तीत आजारी कोंबड्या दिसत होत्या आणि मराठी आवाज होता. खुलासा पत्रकातून आला होता, शासकीय भाषेत, जिल्ह्याच्या पानावर. एक मोबाइलवर वाजला, दुसरा कागदावर राहिला. जेथे पशुधन अधिकाऱ्याने स्वतः बाजाराच्या दिवशी लोकांसमोर कोंबडी शिजवून खाल्ली, तेथे थोडा फरक पडला असे विक्रेते सांगतात.

सरकारची स्वतःची सूचनाच बदलली तर आम्ही कोणावर भरवसा ठेवायचा?

प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्च 2020 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचे औषध प्रतिबंधक म्हणून सुचवले. जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचण्यांतून ते वगळले. त्याच महिन्यात या औषधाविरुद्धचा एक गाजलेला शोधनिबंध, ज्याच्या मूळ आकडेवारीची खातरजमा करता आली नाही, “लॅन्सेट” या नियतकालिकातून मागे घेण्यात आला. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर आधी चार ते सहा आठवडे होते, मार्च 2021 मध्ये सहा ते आठ झाले आणि मे महिन्यात बारा ते सोळा झाले. प्लाझ्मा उपचार मे 2021 मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला.

पुरावा वाढला म्हणून सूचना बदलणे आणि पुरावा नसताना सूचना देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कोविशिल्डचे अंतर हे बव्हंशी पहिल्या प्रकारात येते, मात्र लसीच्या तुटवड्याच्या दिवसांत ते वाढल्याने लोकांना शंका आली आणि ती शंका वेडगळ नव्हती. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे आर्सेनिकम अल्बम 30 हे होमिओपॅथीचे औषध. 29 जानेवारी 2020 रोजी, देशात पहिला रुग्ण सापडण्याच्या आदल्या दिवशी, आयुष मंत्रालयाने प्रतिबंधक उपाय म्हणून त्याचा उल्लेख केला. या औषधाने कोविड टळतो असा खात्रीलायक पुरावा तेव्हाही नव्हता आणि नंतरही मिळाला नाही. आमच्याकडे त्या गोळ्यांच्या बाटल्या वाटल्या गेल्या आणि “गोळ्या घेतल्या आहेत, आता काही होत नाही” असे म्हणत माणसे लग्नांना गेली.

पतंजलीच्या कोरोनिल या औषधाचे प्रकरण त्याहून स्पष्ट आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या उपस्थितीत ते पुन्हा बाजारात आणले गेले आणि जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता असल्याचा समज पसरला. संघटनेने आपण कोणत्याही पारंपरिक औषधाची परिणामकारकता तपासलेली वा प्रमाणित केलेली नाही, असे जाहीर केले. तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री, काटोलचे अनिल देशमुख, यांनी योग्य प्रमाणपत्राशिवाय महाराष्ट्रात त्याची विक्री होऊ देणार नाही, असे सांगितले. मंत्री व्यासपीठावर बसला की लोक औषधाला मान्यता मिळाली असे धरतात. म्हणून पदावरच्या माणसाचे तेथे नुसते बसणेही विधानासारखेच असते.

मेळघाटात आणि आमच्या खेड्यांत लोक लसीला का घाबरले?

भीती एका कारणाने आली नाही. लस घेतल्याने मूल होत नाही, ही वार्ता लस येण्याआधीच आली होती. देशाच्या औषध महानियंत्रकांनी 3 जानेवारी 2021 रोजी, मंजुरी जाहीर करतानाच, ती पूर्णपणे निरर्थक ठरवली. पाळीच्या दिवसांत बायकांनी लस घेऊ नये, हा संदेश एप्रिलमध्ये फिरला आणि पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य तपासणी पथकाने तो खोटा ठरवला. जूनमध्ये नाशिकमधील एका गृहस्थाच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे चिकटतात, ही चित्रफीत वाहिन्यांनी तासन्‌तास दाखवली. घामट, तुकतुकीत त्वचेवर हलकी भांडी कोणाच्याही अंगाला चिकटतात, हे तपासायला अर्धा तास पुरला असता.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती खरी होती. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यातील एका गावात पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या डोसाऐवजी हातावर लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले दवाखान्यात दाखल झाली आणि सुदैवाने बरी झाली. ज्या आईने हे ऐकले, तिने चार महिन्यांनी लसीबद्दल शंका विचारली तर तिला अडाणी म्हणता येणार नाही. अफवेला असा एक खरा धागा मिळाला की ती तुटत नाही. अशा वेळी “असे काही होत नाही” हे उत्तर चुकीचे ठरते. “तसे झाले होते, त्याची कारवाई झाली, आणि आज ही कुपी मी तुमच्यासमोर उघडते” हे उत्तर आमच्याकडच्या एका परिचारिकेने लिंबाखाली खुर्ची टाकून दिले, आणि रांग हलली. मेळघाटात तीच गोष्ट कोरकू भाषेतून आणि भूमकाला, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूला, बाजूला न सारता सांगावी लागली.

प्रत्येक कोरोना रुग्णामागे प्रशासनाला दीड लाख रुपये मिळतात, हे खरे होते का?

नाही. अशी कोणतीही योजना नव्हती. ही वार्ता टिकली कारण खासगी दवाखान्यांची बिले लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि पैसा कोणीतरी खातो आहे हा अनुभव खोटा नव्हता.

एखाद्या समाजाने रोग पसरवला, अशा बातम्यांचे पुढे काय झाले?

मार्च-एप्रिल 2020 मध्ये दिल्लीतील तबलिगी जमातीच्या मेळाव्याच्या निमित्ताने मुस्लिम भाजीविक्रेत्यांना कित्येक गावांच्या वेशीवरून परत पाठवले गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांचा त्या मेळाव्याशी संबंध नव्हता. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्याला आलेल्या काही परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध झालेल्या मोठ्या अपप्रचाराची नोंद निकालात केली. ज्यांनी एप्रिलमध्ये ती बातमी रोज पहिल्या पानावर छापली होती, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी हा निकाल तितक्याच ठळकपणे दिला.

मोबाइलवर आलेला शासकीय आदेश खरा आहे हे कसे ओळखावे?

शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो. तो राज्य शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ निर्णय उघडतो. उघडला नाही तर थांबावे. जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार यांच्या आदेशावर जावक क्रमांक, दिनांक, सही आणि ज्या कायद्याखाली आदेश काढला त्याचा उल्लेख असतो. फिरणाऱ्या पानावर दिनांक आहे पण वर्ष कापलेले आहे, असे मी अनेकदा पाहिले. जुना, खरा आदेश नव्या दिवशी फिरवणे ही सर्वांत सोपी फसवणूक आहे. ध्वनिफितीत “मी कलेक्टर ऑफिसमधून बोलतोय” असे कोणी म्हणत असेल, तर तो आदेश नाही.

ग्रुपमधील दुसऱ्याने अफवा टाकली तर अॅडमिनवर गुन्हा होतो का?

केवळ अॅडमिन आहे म्हणून नाही. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात, जे अफवेचे नसून आक्षेपार्ह मजकुराचे होते, नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले की समान हेतू किंवा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. स्वतः पुढे पाठवणाऱ्याचे तसे नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 54 नुसार आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन घबराट पसरवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि घबराट पसरवणाऱ्या खोट्या विधानांबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे कलम 353 आहेच. त्यात सद्भावनेने, खरे मानण्यास वाजवी आधार असताना केलेल्या विधानाला अपवाद आहे. भीतीने प्रश्न विचारणाऱ्या माणसावर ही कलमे लावू नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण मग प्रश्न कुजबुजीत जातात आणि तेथे त्यांना उत्तर देणारे कोणी नसते.

चुकीची माहिती पसरून गेलीच, तर ग्रामपंचायतीने नेमके काय करावे?

ती ज्या वाटेने आली त्याच वाटेने खुलासा परत पाठवावा. दवंडीने आली असेल तर दवंडी द्यावी, त्याच वेळी आणि त्याच चौकात. ग्रुपवर ध्वनिफितीतून आली असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आवाजात, वऱ्हाडीत, एक मिनिटाची फीत त्याच ग्रुपवर टाकावी. बातमीतून आली असेल तर संपादकाकडे लेखी मागणी करून त्याच पानावर, तेवढ्याच जागेत खुलासा मागावा. मिळाला नाही तर मूळ बातमी आणि खुलासा दोन्ही शेजारी शेजारी चावडीच्या फळ्यावर लावावेत. खुलाशात आधी कोण चुकले ते नावानिशी पदासह लिहावे: “काल पोलीस पाटलांनी दिलेली सूचना चुकीची होती.” आमच्याकडे एका सरपंचबाईंनी 2021 च्या मे महिन्यात असे केले. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच लसीकरण रद्द झाल्याचे सांगितले होते, आणि ते एका जुन्या संदेशावरून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोतवालाला सोबत घेतले, प्रत्येक चौकात दवंडीनंतर स्वतः उभ्या राहून “माझी चूक झाली, लस आजच आहे” असे सांगितले, आणि शेवटच्या चौकातून थेट शाळेत जाऊन रांगेत उभ्या राहिल्या.